नऊपर्यंत मोजावे, दहा म्हणू नये

बाराखंडीबाईंच्या हाताखाली एकही माणूस नव्हता, पण त्यांच्या शब्दाबाहेर जाणारं एकही पंपघर नव्हतं. पाणीपुरवठा मंडळाची पंपघरं होती एकशे शहाऐंशी. तिथला पंप कसा सुरू करायचा, कसा बंद करायचा, कुरकुरला तर तेल कुठे घालायचं आणि गप्प बसला तर कुणाला बोलवायचं, हे सगळं ज्या पुस्तकात लिहिलेलं होतं त्याचे खंड बारा, पानं सहा हजार चारशे, आणि ते सांभाळणारी बाई एक. म्हणून हे नाव. तोंडावर लोक नुसतं 'बाई' म्हणत, पाठीमागे 'बाराखंडी'. बाईंना दोन्ही ठाऊक होतं आणि दुसरंच जास्त आवडत होतं. पण तसं कळू दिलं तर त्यातली मजा जाईल, म्हणून ते कानावर पडलं की त्या नाक मुरडत.

पुस्तक शिवलेलं नव्हतं, ही त्यातली मुख्य गोष्ट. प्रत्येक खंड म्हणजे जाड पुठ्ठ्याची, तीन कड्यांची फाईल. कड्या उघडल्या की हवं ते पान काढता येई, नवं घालता येई. पंप बदलत, पंपांचे भाग बदलत, साहेबांची मतं तर फारच बदलत, आणि दर बदलाला बारा खंड नव्याने छापायचे म्हणजे मंडळाला पाण्याऐवजी कागदच पुरवत बसावं लागलं असतं. म्हणून बाई दर तीन महिन्यांनी बदललेली तेवढीच पानं छापून घेत, त्यांना तीन भोकं पाडत आणि वर एक पिवळा कागद लावून गठ्ठे रवाना करत. पिवळ्या कागदावर दोन रकाने, 'काढा' आणि 'घाला'. खंड चार, पान २११ ते २१४ काढा. २११ ते २१४ आणि २१४-अ घाला. यात न समजण्यासारखं काय आहे, असं बाईंना पहिली काही वर्षं वाटत असे.

मग त्या एकदा एका पंपघरात तपासणीला गेल्या. तिथे अडीच वर्षांचे गठ्ठे, दोरीसुद्धा न सोडलेले, एका टेबलाच्या आखूड पायाखाली सापडले. टेबल अजिबात डुगडुगत नाही, हे बाईंनी अहवालात प्रामाणिकपणे नमूद केलं आणि परत येऊन नियम काढला: काढलेलं जुनं पान मुख्य कार्यालयात परत आलंच पाहिजे. पान नाही आलं तर सुट्या भागांच्या मागणीवर सही होणार नाही. सगळं मंडळ हसलं. नवं देऊन रद्दी गोळा करणारी बाई जगात ही पहिलीच, असं लोक म्हणाले. पण सुटे भाग सगळ्यांनाच लागतात. पुढच्या तिमाहीपासून पानं परत येऊ लागली.

आणि तिथून बाईंना खरं वाचायला मिळालं. पान कोरं करकरीत परत आलं की समजावं, त्या पंपघरात पुस्तक कपाटात आहे आणि किल्ली साहेबांकडे. तेलाचे अंगठे उठलेले असले की काम चाललंय. एका पंपघराच्या पानांवर कायम चहाच्या कपाची गोल खूण असे, आणि ती नेमकी 'सावधान' या शब्दावर. बाई प्रत्येक पान उजेडात धरून बघत, मगच रद्दीत टाकत.

त्र्याहत्तर क्रमांकाच्या पंपघराची पानं मात्र रद्दीत गेली नाहीत. त्यांच्या समासात हिरव्या शाईने लिहिलेलं असे. अक्षर ठाशीव आणि भाषा फटकळ. पंपाचा दांडा जिथून बाहेर येतो तिथे पाणी अडवायला दोरीचं पॅकिंग असतं. पुस्तकात लिहिलं होतं, गळती पूर्ण थांबेपर्यंत नट आवळावेत. शेजारी हिरवी शाई: 'आवळा, आणि मग जळक्याचा वास घ्या. पॅकिंगला पाणी लागतं. मिनिटाला पंचवीस-तीस थेंब गळू द्यावेत. हे ज्याने लिहिलं त्याने पंप फक्त चित्रात पाहिला आहे.'

बाईंना राग आला. मग त्यांनी कार्यालयामागच्या आवारातल्या पंपावर करून पाहिलं. थेंब मोजले. हिरव्या शाईचं म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे राग दुप्पट झाला. त्यांनी मंजुरी समितीला पत्र लिहिलं. समितीचं उत्तर चौदा महिन्यांनी आलं, 'योग्य ती कार्यवाही करावी'. बाईंनी ते उत्तर नीट जपून ठेवलं आणि पुढची एकोणीस वर्षं त्याच्या जोरावर योग्य ती कार्यवाही केली. पान सुधारलं, पंचवीस-तीस थेंब घातले आणि खाली बारीक टाइपात एक टीप जोडली: 'काही ठिकाणी अशी समजूत आढळते की लेखकाने पंप पाहिलेला नाही. लेखक दर वर्षी दोन पंप पाहतो.'

तीन महिन्यांनी ते पान कशासाठी तरी परत आलं. टिपेखाली हिरव्या शाईत दोनच शब्द होते. 'कुठले दोन?'

एक आवारातला आणि दुसरा बाईंच्या घरचा, टाकी भरायचा, हे त्या कुणाला सांगणार होत्या? त्यांचे कान लाल झाले. पण त्या दिवसापासून गठ्ठे आले की त्या आधी त्र्याहत्तरचा सोडायला लागल्या. एकशे शहाऐंशी पंपघरं जे पुस्तक नियम म्हणून वाचत होती, त्यात दोन माणसांचं भांडण छापलं जात होतं आणि कुणाला पत्ता नव्हता. अर्थात नुसतं भांडण नव्हतं. एकदा त्र्याहत्तरमध्ये पंपाचा दांडा हाताने फिरवून पाहताना दुसऱ्या कुणीतरी बटण दाबलं आणि एका फिटरची दोन बोटं गेली. त्या तिमाहीत हिरव्या शाईने फटकळपणा केला नव्हता. एवढंच लिहिलं होतं: 'दांड्याला हात लावण्याआधी फ्यूज काढावा आणि स्वतःच्या खिशात ठेवावा. टेबलावर नाही. दुसऱ्याच्या खिशात नाही.' बाईंनी ते एक अक्षरही न बदलता छापलं. त्यानंतर बोट गेल्याची बातमी कुठूनही आली नाही.

घरीही बाईंची तीच तऱ्हा. स्वयंपाकघराच्या दारामागे 'घर : खंड एक' अशी फाईल लटकत असे. टाकीची मोटर, गॅसचं सिलिंडर, जिन्यातला दिवा आणि नणंद राहायला आली की कोणते विषय काढू नयेत, अशी तिची प्रकरणं. नवरा शाळेच्या प्रयोगशाळेतून निवृत्त झालेला, शिस्तीचा माणूस. त्याला फाईलचा त्रास नव्हता. फक्त, जुनं पान काढून दिलं की बायको पावती देते, हे तो चारचौघांत सांगत फिरे. संध्याकाळी चहा घेताना त्याचा ठरलेला प्रश्न असे, "तुझा हिरवा काय म्हणतो?" बाई वरवर चिडत. मनातल्या मनात त्यांनी त्या हिरव्याला उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा केला होता आणि तो वर्षानुवर्षं तेवढाच उंच राहिला होता.

तर असं सगळं सुरळीत चाललेलं असताना मंडळाने पुस्तक ऑनलाइन करायचं ठरवलं. त्या कामावर नेमलेले गृहस्थ सगळ्यांना संगणकसाहेब म्हणूनच माहीत होते. सभ्य माणूस, दर वाक्याआधी "एकदा समजून घेऊ" म्हणणारा. लोकांना वाटलं आता बाराखंडी आणि संगणक यांची जुंपणार. सगळ्यांची निराशा झाली. बाईंना ती नवी पद्धत मनापासून आवडली. पुस्तकातला प्रत्येक परिच्छेद एकदाच लिहून ठेवायचा. तोच फोनच्या पडद्यावर दिसणार आणि वर्षातून एकदा तोच छापून, पक्का शिवलेला खंड पंपघरात जाणार. एक बदलला की दोन्हीकडे बदलणार. एकच सूचना आपण सात ठिकाणी सात तऱ्हांनी लिहून ठेवली आहे, हे बाईंना आठ महिन्यांच्या त्या कामातच कळलं, आणि इतकी वर्षं ते एकाही फिटरने सांगितलं नाही याचा त्यांना उलट रागच आला.

खटकत होत्या दोन गोष्टी. एक म्हणजे, शिवलेल्या खंडातून पान निघत नाही, म्हणजे परत यायला पान नाही. म्हणजे हिरवी शाई बंद. ती बाईंनी गिळली, कारण आपल्या आवडीसाठी मंडळाने कड्या ठेवाव्यात असं कोणत्या तोंडाने म्हणणार?

दुसरी गिळण्यासारखी नव्हती. प्रत्येक परिच्छेदाखाली एक चौकट होती, 'आधार'. ही सूचना कशावरून आली, ते तिथे लिहायचं: समितीचा मंजुरी क्रमांक, कारखान्याचं पत्र, नाहीतर पंपघरात झालेल्या दुरुस्तीच्या कामाचा क्रमांक. चौकट रिकामी असली की परिच्छेदाला लाल कड येई. ठरलेल्या तारखेला लाल परिच्छेद आपोआप गळणार होते, पडद्यावरूनही आणि छापील खंडातूनही. आणि उरलेल्या सगळ्याला आधार आहे, असं लिहून खाली सही करायची होती बाईंनी.

काम संपलं तेव्हा लाल परिच्छेद एकशे त्रेचाळीस होते. सगळे हिरव्या शाईचे.

थेंब जाणार होते, खिशातला फ्यूज जाणार होता. 'योग्य ती कार्यवाही करावी' हा आधार धरता येईल का, असं बाईंनी संगणकसाहेबांना विचारून पाहिलं. त्यांनी एकदा समजून घेतलं आणि नाही म्हणाले. समितीची पुढची बैठक चार महिन्यांनी होती, तारखेला उरले होते सहा आठवडे. नवऱ्याने सरळ उपाय सुचवला: कुठला तरी जुना मंजुरी क्रमांक ठोकून दे, कोण बघतंय? बाई दोन दिवस त्याच्याशी बोलल्या नाहीत, कारण तो विचार त्यांच्याही मनात येऊन गेला होता. तिसऱ्या दिवशी म्हणाल्या, "एक आधार खोटा निघाला ना, तर लोक फ्यूजही टेबलावर ठेवतील." मग त्यांनी रजेचा अर्ज टाकला, लाल परिच्छेदांची यादी पिशवीत घातली आणि त्र्याहत्तरची बस पकडली.

बस शेवटच्या थांब्यापर्यंत गेली. तिथून पुढे मोठ्या नळाच्या कडेकडेने वीस मिनिटं चाललं की पंपघर. आत सहा पंप, जमिनीला बारीक थरथर, आणि कोपऱ्यात अवजारांच्या भांडाराची खिडकी. खिडकीला आडव्या सळ्या, सळ्यांमागे पन्नाशीची एक ठेंगणी, जाड बाई, चष्मा दोरीने गळ्यात. फिटर येऊन पाना मागत होते, ती वहीत लिहून पाना देत होती, आणि परत आलेला पाना उलटसुलट करून बघितल्याशिवाय घेत नव्हती.

बाराखंडीबाईंनी तिथे जाऊन विचारलं, इथे हिरव्या शाईने लिहिणारे एक गृहस्थ आहेत, ते कुठे भेटतील?

भांडारवालीने चष्मा डोळ्यांवर चढवला. "गृहस्थ?"

"मी मुख्य कार्यालयातून आले. पुस्तकाचं काम बघते."

"असं होय," भांडारवाली म्हणाली. "म्हणजे त्या दोन पंप बघणाऱ्या तुम्हीच."

तेवढ्यात बाईंना दिसलं की सळीला सुतळीने एक पेन बांधलेलं आहे आणि ते हिरवं आहे. एकोणीस वर्षं मनात असलेला उंच, सडपातळ, पांढऱ्या मिशांचा माणूस तिथल्या तिथे विरून गेला. बाईंना क्षणभर खरंच वाईट वाटलं. मग त्यांना हसू फुटलं, आणि पलीकडचीही हसायला लागली, आणि पान्यासाठी रांगेत उभे असलेले फिटर एकमेकांकडे बघायला लागले.

प्रकार साधा होता. पुस्तक भांडारात असे. फिटर अवजार परत करताना पुस्तकाला शिव्या घालत, हे असं नाही, तसं आहे, लिहून घ्या म्हणत. त्यांचे हात तेलकट, म्हणून लिहायचं काम भांडारवालीकडे आलं. निळी शाई पावत्यांची, लाल साहेबांची. हिरवी कुणाचीच नव्हती, ती तिने घेतली.

"अक्कल त्यांची," ती म्हणाली. "टोमणे तेवढे माझे."

बाईंनी पिशवीतून यादी काढून आपली अडचण सांगितली. भांडारवालीने यादी वरपासून खालपर्यंत वाचली, मागच्या फळीवरून एक वही काढली, मग दुसरी, मग एक एक करत बावीस. अवजार कुणी नेलं, कधी नेलं, कोणत्या पंपासाठी, काय बिघडलं होतं, आणि शेवटच्या रकान्यात दुरुस्तीच्या कामाचा क्रमांक. पाना हरवला तर पगारातून कापतात, म्हणून तिने वीस वर्षांत एक ओळ रिकामी सोडली नव्हती. बाईंना तिथेच तिची गळाभेट घ्यावीशी वाटली, पण मधे सळ्या होत्या.

दोन दिवस दोघी वह्या चाळत बसल्या. मुक्काम भांडारवालीच्या घरी पडला, जिथे कशालाच काही नियम नव्हता आणि साखर मिठाच्या डब्यात सापडली. बाईंनी तीन वेळा तोंड उघडलं आणि तीन वेळा मिटलं. पंपघरात मात्र एकेक आधार सापडत गेला. थेंबांची तारीख मिळाली, काम क्रमांक मिळाला. फ्यूजची ओळ आली तेव्हा भांडारवालीने वही बाईंकडे सरकवली आणि स्वतः उठून उगीच अवजारं मोजायला गेली; त्या दिवशी त्या फिटरला पाना तिनेच दिला होता. दुसऱ्या दिवशी चार वाजता एकशे बेचाळीस झाले. एक उरला.

खंड तीन, पान ८८. 'पंप सुरू करण्यापूर्वी बेअरिंगच्या झाकणावर डावा तळहात ठेवून मनात नऊपर्यंत मोजावे. दहा म्हणू नये.'

या परिच्छेदाचा बाईंना अभिमान होता. इतकी बारीक गोष्ट दुसऱ्या कुठल्याही पुस्तकात नव्हती. मधे एका पाहुण्या इंजिनिअरने कारण विचारलं, तेव्हा त्यांनी मोठ्या गंभीरपणे सांगितलं होतं की ही अनुभवाची गोष्ट आहे. कोणतं वर्ष बघायचं, असं त्यांनी भांडारवालीला विचारलं. ती चष्म्याची काच पदराने पुसायला लागली. काच स्वच्छ झाली तरी पुसतच राहिली.

"वहीत नाही सापडायचं ते," ती शेवटी म्हणाली. "मी मनाचंच लिहिलं होतं."

"म्हणजे?"

"तुम्ही वाचून छापता, का नुसतंच छापता, ते बघायचं होतं मला."

बाईंनी यादीवरची ती ओळ पुन्हा वाचली. मग त्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, नऊच का? भांडारवालीने समोर बोट केलं. तिच्या खिडकीला आडव्या सळ्या नऊ होत्या. लिहिताना डोळ्यांसमोर त्याच होत्या. "पण दहा म्हणू नये, हे माझं नाही बरं का," ती म्हणाली. "ते तुम्ही घातलंत."

घातलं होतं. नऊ म्हणजे नेमकं नऊच, कुणाचा घोटाळा होऊ नये, म्हणून. एरवी पिन हरवली तरी चौकशी लावणारी बाराखंडी, तिला एका सळ्यांच्या खिडकीने अकरा वर्षं फसवलं होतं, आणि तिने त्यात वर स्वतःची भर घातली होती. शेराला सव्वाशेर भेटला की शेराने काय करायचं, हे बाराही खंडांत कुठे लिहिलेलं नव्हतं. एकशे शहाऐंशी पंपघरांत हजारभर फिटर रोज झाकणावर हात ठेवून उभे आहेत, हे चित्र बाईंच्या डोळ्यांसमोर आलं आणि त्यांना शरमेने घाम फुटला. छापून आल्यावर तरी कळवायचं, असं त्या म्हणाल्या.

कळवणारच होते, भांडारवाली म्हणाली. पण पान आलं त्या दिवशी इथल्या सगळ्यात म्हाताऱ्या फिटरने ते मोठ्याने वाचलं आणि मान डोलावून सांगितलं की हे बरोबर आहे, त्याचे वडीलही असंच करायचे. मग तिची हिंमत झाली नाही.

बाई परत आल्या. एकशे बेचाळीस चौकटी भरल्या, एकशे बेचाळीस लाल कडा गेल्या. एकशे त्रेचाळिसावा परिच्छेद त्यांनी स्वतःच्या हाताने काढून टाकला आणि मग सही केली. सही खरी होती. संगणकसाहेबांना त्यांनी खरं कारण सांगितलं नाही. आधार मिळाला नाही, एवढंच म्हणाल्या. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो इतका हसला की त्याला पाणी द्यावं लागलं. मग त्याने 'घर : खंड एक'मध्ये स्वतःच्या हाताने एक पान घातलं: मोटर सुरू करण्यापूर्वी नऊपर्यंत मोजावे. बाईंनी ते काढलं, आणि पावती दिली नाही.

सोमवारी पुस्तक ऑनलाइन आलं. पडद्यावर प्रत्येक पानाखाली अभिप्रायाची जागा होती. मंगळवारी दुपारपर्यंत सहा हजार चारशे पानांवर मिळून एक अभिप्राय होता, तोही कुणीतरी चुकून पाठवलेला जेवणाच्या डब्याचा निरोप. बुधवारी मात्र बाईंचा फोन टुणटुण वाजायला लागला. खंड तीन, पान ८८. हाताची ओळ कुठे गेली? दुसरा, हात ठेवायचा राहिलाय, छपाईची चूक आहे का. तिसरा, कुणाला विचारून काढलं. गुरुवारी संध्याकाळी एकतीस पंपघरं झाली होती. संगणकसाहेब धावत आले आणि म्हणाले, या पानावर काय आहे ते एकदा समजून घेऊ.

तिसरा खंड छापखान्यात जायला एक दिवस उरला होता. बाईंनी ठरवलं, आता खरं सांगून टाकायचं. ओळ निराधार होती, चूक माझी, असं लिहायला त्या बसल्या आणि कळवण्याआधी सगळे अभिप्राय वाचून काढावेत म्हणून वाचू लागल्या. सवयच ती.

बाराव्या पंपघराने लिहिलं होतं: नुकताच बंद केलेला पंप परत चालवताना हात ठेवला तर झाकण जास्तच गरम लागलं, उघडलं तर बेअरिंग गेलेलं, पंप वाचला, काम क्रमांक अमुक. चाळीसवालं म्हणत होतं, झाकणाचा एक बोल्ट ढिला होता, तो हातालाच कळला, सोबत क्रमांक. एक्केचाळीसला फक्त जाणून घ्यायचं होतं की दहा म्हटलं तर नेमकं काय होतं, कारण त्यांच्याकडे एकाने म्हटलं होतं आणि तो तेव्हापासून काळजीत होता. आणि एकशे आठ क्रमांकाच्या पंपघरातून एका फिटरने लिहिलं होतं:

'गेल्या वर्षी मोठा पंप सुरू करत होतो. सगळे बाहेर आलेत असं मला सांगितलं होतं. डावा हात झाकणावर ठेवला आणि मोजायला लागलो. सहा म्हणालो तेव्हा मागच्या बाजूने आवाज आला, थांब, मी आत आहे. माझा मेहुणा होता. ही ओळ परत घाला.'

खाली काम क्रमांक होता.

बाईंनी चष्मा काढला. डोळे पुसले, परत घातला आणि परत वाचलं. मग त्यांनी अर्धवट लिहिलेलं कबुलीपत्र पुसून टाकलं आणि परिच्छेद पुन्हा होता तिथे घातला, 'दहा म्हणू नये' सकट. आधाराच्या चौकटीत एकामागून एक क्रमांक भरायला घेतले. एकविसाव्याला चौकट लाल झाली. जागा वीसचीच होती. कुठल्या परिच्छेदाला याहून जास्त आधार असेल, असं ती बनवणाऱ्याला वाटलंच नव्हतं. बाईंनी एकविसावा खोडला, विसावाही काढला आणि त्या जागी लिहिलं, 'पंपघर ७३, भांडाराची खिडकी'. चौकट हिरवी झाली.

छापखान्याला खंड पाठवून दिल्यावर त्यांनी भांडारवालीला फोन लावला. काही प्रस्तावना न करता एकशे आठचा अभिप्राय वाचून दाखवला. पलीकडे पंपांची घरघर ऐकू येत होती, कुणीतरी खिडकीशी पाना मागत होतं, आणि भांडारवाली त्याला चक्क थांबायला सांगत होती.

"सहालाच?" तिने विचारलं.

"सहालाच."

"मग मी तीन जास्तच सांगितले की हो."

"असू देत," बाई म्हणाल्या. "छापून गेलंय."